कुंकळ्ळीची अर्धी गोष्ट

आमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेतील एक लेख आम्ही अर्धा कापून छापला. त्या संपादक मंडळावर आम्ही स्वतः होतो आणि हात वर करणाऱ्यांत आमचाही हात होता; तेव्हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हकीकत अशी. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यासाठी २०२४ च्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे वसईहून जुन्या गोव्याला गेली होती. परतीच्या आदल्या दिवशी ती साष्टीतील कुंकळ्ळी या गावी जाऊन आली. जुलै १५८३ मध्ये तेथे पाच येशूसंघीय रक्तसाक्षी झाले. ज्या विहिरीत त्यांचे देह टाकले गेले तिच्यापाशी आज चॅपेल आहे. यात्रेकरूंमध्ये इतिहास विषय घेऊन एम. ए. करणारी आमच्यातलीच एक मुलगी होती. परतल्यावर तिने स्मरणिकेसाठी लेख लिहिला. पूर्वार्धात विहिरीची गोष्ट होती. उत्तरार्धात त्याच गावात २००३ साली उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका स्मारकाची गोष्ट होती. पाच येशूसंघीयांच्या हत्येनंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून ज्या ग्रामप्रमुखांना ठार मारले, त्यांचे ते स्मारक आहे.

मंडळात चर्चा झाली. 'हे आपण आपल्या हाताने छापायचे?' असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. 'दिवस कसले आहेत ते तरी पाहा,' असे दुसरे म्हणाले. लेखातील एकही विधान खोटे आहे, असे मात्र कोणीही म्हटले नाही. पंधरा मिनिटांत उत्तरार्ध गेला. मुलीला 'जागेअभावी' असा निरोप धाडण्यात आला. म्हणजे आधी अर्धे सत्य दडपले आणि त्यावर एक संपूर्ण असत्य रचले. आमच्या मनाला हे शल्य लागून राहिले आहे. प्रस्तुत लेख त्या शल्यातून लिहिला आहे. मात्र हा केवळ एका स्मरणिकेचा प्रश्न नव्हे. आपला समाज स्वतःच्या इतिहासाकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर नैतिक कसोटीला उतरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि तेच येथे मांडायचे आहे.

घडले ते असे

साष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यात आली ती सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पुढील दशकांत राज्यसत्तेने धर्मप्रसारासाठी कायद्याचे बळ वापरले. १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करण्याची तजवीज झाली. १५६७ साली साष्टीतील शेकडो देवळे पाडण्यात आली. त्याच वर्षी गोव्यात पहिली प्रांतीय धर्मपरिषद भरली. कोणावरही बळजबरीने धर्म लादू नये, असे तिने लिहून ठेवले. आणि तिनेच देवळे नष्ट करावीत व हिंदूंचे सार्वजनिक विधी बंद पाडावेत, अशी मागणी राज्यसत्तेकडे केली. लोकांनी मूर्ती उचलल्या आणि जुवारी नदीपलीकडे, पोर्तुगीज अमलाबाहेर नेल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आजही 'कुंकळ्ळीकरीण' हेच तिचे नाव आहे.

कुंकळ्ळी व तिच्या आसपासची गावे हे सारे मुकाट्याने सोसणारी नव्हती. त्यांनी कर देण्याचे नाकारले. त्यावर लष्करी मोहिमा आल्या आणि देवळे पुन्हा पाडली गेली. पुढे रक्तसाक्षी झालेल्या पाच जणांपैकी फादर आल्फोन्सो पाचेको व फादर पिएत्रो बेर्नो यांचा या पूर्वीच्या कारवायांशी संबंध होता. हा आरोप आपल्या विरोधकांनी रचलेला नाही. येशूसंघीयांनी स्वतः लिहून ठेवलेल्या वृत्तान्तांतूनच तो आपल्यापर्यंत आला आहे.

पाचांचे प्रमुख होते फादर रोदोल्फो आक्वाविवा. इटलीतील एका सरदार घराण्यातले हे धर्मगुरू तीन वर्षे फत्तेपूर सिक्रीला बादशहा अकबराच्या दरबारी राहिले होते. मौलवींशी, पंडितांशी आणि बादशहाशी त्यांनी धर्मचर्चा केल्या होत्या. देवळांच्या पाडापाडीशी त्यांचा संबंध नव्हता. ते नुकतेच साष्टीत येशूसंघीयांचे प्रमुख म्हणून आले होते. क्रूस रोवण्यासाठी व चर्च बांधण्यासाठी जागा पाहावी, म्हणून हे सारे कुंकळ्ळीला गेले. गावकऱ्यांनी शस्त्रे घेऊन त्यांना वेढले. सोबतच्या एका पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक उचलली, तेव्हा आपण लढायला आलेलो नाही, असे सांगून फादर पाचेको यांनी त्याला थांबवले, अशी नोंद आहे. पूर्वी ज्यांचा हात देवळांवर पडला होता, त्यांनी शेवटच्या क्षणी दुसऱ्याच्या हातातील शस्त्र खाली करायला लावले. या एका क्षणात किती गुंतागुंतीचे सत्य दडलेले आहे! आपण मात्र आपल्या मुलांना त्यातले निम्मेच सांगतो.

त्या दिवशी पाच धर्मगुरू व धर्मबंधूच मेले असे नाही. त्यांच्या सोबतचे अनेक स्थानिक ख्रिस्तजनही मारले गेले. त्यांत दोमिनिक नावाचा कुंकळ्ळीचाच एक मुलगा होता. पूर्वीच्या मोहिमांत गावातील देवळे दाखवण्यासाठी त्याला नेण्यात आले होते. त्याला मारणारा माणूस त्याच्या स्वतःच्या नात्यातला होता, असे वृत्तान्त सांगतात. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. रायतूरला फादरांकडे शिकायला ठेवलेला एक पोर, त्याला स्वतःच्या गावची दैवते दाखवायला लावणारे मोठे लोक, आणि त्याच्यावर हत्यार उचलणारा घरचाच माणूस: या तिघांपैकी कोणाची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी सांगितली आहे?

पुढे काय झाले? ग्रामप्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात तहाच्या बोलण्यांसाठी बोलावण्यात आले. सोळा जण गेले. चौकशी नाही, सुनावणी नाही. त्यांना ठार करण्यात आले. एकटा निसटला असे म्हणतात. गावांच्या जमिनी जप्त झाल्या आणि असोळणे, वेळी व आंबेली या गावांची मालकी कालांतराने येशूसंघाकडे आली. १७४१ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी पाचांचे हौतात्म्य सिद्ध झाल्याचे जाहीर केले. १८९३ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धन्यपद बहाल केले. त्यांच्यासोबत मेलेल्या स्थानिक ख्रिस्तजनांची नावे त्या यादीत आली नाहीत.

तीन आक्षेप

उत्तरार्ध कापताना आम्ही जी कारणे दिली, ती आपल्या समाजात सर्वत्र दिली जातात. म्हणून त्यांचा परामर्श एकेक करून घेतला पाहिजे.

पहिले कारण: 'तो काळच तसा होता.' युरोपात कॅथोलिक व प्रोटेस्टंट एकमेकांना जाळत होते, सुलतान देवळे फोडत होते, मग एकट्या पोर्तुगिजांकडे बोट का दाखवावे? हे म्हणणे वरवर समंजस दिसते. पण इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. त्या काळालाही योग्य काय ते ठाऊक होते. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी जाहीर केले होते की, नव्याने सापडलेल्या देशांतील लोकांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही आणि त्यांना श्रद्धेकडे न्यायचे ते प्रवचनाने व सदाचरणाच्या उदाहरणाने. १५५० व १५५१ मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे डोमिनिकन बिशप बार्तोलोमे द लास कासास यांनी बळाच्या धर्मप्रसाराविरुद्ध राजाच्या पंडितांपुढे वाद घातला. खुद्द गोव्याच्या परिषदेने बळजबरी नको, हे शब्द कागदावर लिहिले. आणि कुंकळ्ळीची घटना घडली तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स साष्टीतच सेवा करीत होते. या इंग्रज येशूसंघीयाने येथल्या माणसांशी त्यांच्याच भाषेत, ओवीच्या छंदात बोलण्याचा मार्ग निवडला, आणि १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले. दुसरा मार्ग होता आणि तो दिसतही होता. तेव्हा 'काळ तसा होता' असे म्हणणे, हा त्या काळातील भल्या माणसांवर अन्याय आहे.

दुसरे कारण: 'भाविकांची श्रद्धा डळमळेल.' हे आम्हांला विशेष खटकते, कारण यात आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या श्रद्धेचा अपमान आहे. ज्या श्रद्धेने दुष्काळ, साथी, राज्यांची उलथापालथ आणि घरातली मरणे सोसली, ती चारशे वर्षांपूर्वीच्या एका सरकारी आदेशाची हकीकत ऐकून कोसळेल काय? आपल्या शुभवर्तमानांकडे पाहा. पेत्र हा ख्रिस्तसभेचा पहिला प्रमुख. त्याने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा गुरूला नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवली. पुढे पेत्र रोममध्ये रक्तसाक्षी झाला, त्याच्या नावाची कीर्ती सर्वत्र पसरली. तरी कोणी ती ओळ खोडली नाही. ज्या ख्रिस्तसभेने आपल्या पहिल्या प्रमुखाची भीती लपवली नाही, तिच्या लेकरांनी एका कॅप्टनचा विश्वासघात का लपवावा?

तिसरे कारण सर्वांत जड आहे आणि आम्ही ते हलके करून सांगणार नाही: 'आपल्या विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल.' अल्पसंख्य समाजाची ही भीती पोकळ नाही. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा आयुष्यभर मराठीची सेवा केलेल्या या धर्मगुरूविरुद्ध केवळ त्यांच्या झग्यावरून काहूर उठवण्यात आले, हे आपण पाहिले आहे. इतिहासातील एखादे पान फाडून ते आजच्या शेजाऱ्याच्या तोंडावर फेकणारी माणसे आहेत. पण त्यांना उत्तर कसे द्यायचे? आपण गप्प राहिलो तर ते पान त्यांच्याच हाती राहते. मग ते त्यावर हवे ते लिहितात आणि आपली मुले ते प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकतात. 'हे खरे का?' असे मूल घरी येऊन विचारते, तेव्हा आपल्यापाशी अभ्यास नसतो, असतो तो केवळ संताप. मग मुलाला एकच गोष्ट कळते: आपल्या घरात काहीतरी झाकून ठेवलेले आहे.

आरोपपत्र लिहिणाऱ्यांना दोन शब्द

दुसऱ्या बाजूलाही आम्हांला काही सांगायचे आहे, कारण अर्धी गोष्ट सांगण्याचा मक्ता एकट्या आमच्या संपादक मंडळाकडे नाही.

गोव्याच्या इन्क्विझिशनचा उल्लेख आज वारंवार होतो. ती १५६० साली स्थापन झाली आणि मधला अल्पसा खंड सोडता १८१२ पर्यंत चालली. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात तिची मागणी केली होती. ती प्रत्यक्षात आली तेव्हा त्यांना जाऊन आठ वर्षे झाली होती. ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एका दमात सांगितली पाहिजेत. ती बंद झाल्यावर तिचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. मात्र सतराव्या शतकात तिच्याच एका अधिकाऱ्याने तयार केलेली खटल्यांची सूची लिस्बनला शिल्लक आहे आणि तीत तीन हजारांहून अधिक नोंदी आहेत. परंतु तिच्यापुढे उभे कोण केले जात होते? हिंदूंनाही तिने छळले, हे खरे. तथापि तिचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. घरात तुळस लावली, जुन्या रीतीने लग्नाचा विधी केला, अशा संशयावरून नवख्रिस्ती माणसे तिच्या कोठडीत गेली. केरळच्या थॉमस ख्रिश्चनांचे सिरियाक ग्रंथ १५९९ च्या उदयंपेरूर परिषदेच्या आदेशाने जाळले गेले. ते ख्रिस्तीच होते आणि पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून होते. तेव्हा इन्क्विझिशनच्या नावाने आजच्या गोव्यातील ख्रिस्ती माणसाला जाब विचारणे म्हणजे छळ झालेल्याच्या नातवाला छळाचा जाब विचारणे होय.

आणि कुंकळ्ळी? तेथील गावकऱ्यांचे बारा वांगड, म्हणजे मूळ कुळे. त्यांच्या वंशजांत आज हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. दरवर्षी शिगम्याच्या दिवसांत फातर्प्याहून देवीच्या छत्र्या वाजतगाजत कुंकळ्ळीला येतात, तेव्हा गावातील ख्रिस्ती लोकही त्या सोहळ्यात मिसळतात. असोळण्याच्या किल्ल्यात मेलेले ग्रामप्रमुख हे त्यांचेही पूर्वज होत. विहिरीतले मृत श्रद्धेने आमचे आहेत. किल्ल्यातले मृत रक्ताने आमचे आहेत. दोन्ही स्मारकांपुढे नातलगाच्या नात्याने उभा राहू शकेल असा माणूस या देशात असेल, तर तो ख्रिस्ती गोमंतकीय आहे. ज्याला एकाच स्मारकापुढे हात जोडायचे आहेत, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला कुंकळ्ळी कळलेली नाही.

पोर्तुगीज काळात पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी गोवा सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात २० कोटी रुपयांची तरतूद केली. पडलेल्या देवळाचे दुःख खरे आहे. त्याला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सरकारी पैशाने इतिहासाचा शोध घ्यायचा असेल, तर तो सबंध घ्यावा. त्या मातीत देवळाचा पाया सापडेल आणि त्या देवळाच्या गावकऱ्यांनी नंतर बांधलेल्या चर्चचाही पाया सापडेल. निवडणुकीच्या गरजेपुरता खणलेला खड्डा म्हणजे संशोधन नव्हे.

येथे आपल्या वसईचा दाखला देणे भाग आहे. १५३४ पासून पोर्तुगीज वसईत होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते गेले. ज्या सत्तेच्या भीतीने किंवा लोभाने धर्म स्वीकारला असे सांगण्यात येते, ती सत्ता उठून गेली. श्रद्धा मात्र राहिली. यावरून सुरुवातीला दडपण नव्हते, असे सिद्ध होत नाही, आणि तसा दावा आम्ही करणारही नाही. एवढेच सिद्ध होते की, आजोबांनी ज्या कारणाने धर्म घेतला असेल, त्याच कारणाने नातू तो पाळतो असे नाही. त्याला त्याची स्वतःची कारणे असतात. ही कारणे शोधणे हेही इतिहासकाराचेच काम आहे.

ख्रिस्तसभेने दाखवलेली वाट

आम्ही काही बंडखोरीची गोष्ट सांगत आहोत, असे कोणी समजू नये. ज्या पोप लिओ तेरावे यांनी कुंकळ्ळीच्या पाचांना धन्यपद दिले, त्यांनीच १८८१ साली व्हॅटिकनचे दप्तर जगभरच्या संशोधकांना खुले केले. संशोधक कोणत्या धर्माचा, हे त्यांनी विचारले नाही. १९९८ साली रोममधील धर्मसिद्धान्तविषयक दप्तर उघडले गेले आणि त्याच वर्षी इन्क्विझिशनच्या अभ्यासासाठी व्हॅटिकनमध्ये इतिहासकारांचा परिसंवाद भरला. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांची जाहीर कबुली दिली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या बळजबरीची कबुली वाचून दाखवली ती कार्डिनल रॅट्झिंगर यांनी, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी पोप पायस बारावे यांच्या काळातील दप्तर अभ्यासकांना उघडून दिले. रोमला जे झेपले ते आपल्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेला झेपू नये?

आपल्याकडेही वाट दाखवणारे होऊन गेले. तेओतोनिओ द सौझा यांनी कुंकळ्ळीच्या हौतात्म्याची नव्याने चिकित्सा केली, तेव्हा ते स्वतः येशूसंघात होते. रोवेना रॉबिन्सन यांनी १९९७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये कुंकळ्ळीच्या प्रतिकाराच्या आठवणींवर लिहिले. आणि अ. का. प्रियोळकर! त्यांच्या १९६१ च्या 'द गोवा इन्क्विझिशन' या ग्रंथामुळे आपल्यातील पुष्कळांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. पण याच प्रियोळकरांनी १९५८ साली भारतातील मुद्रणाचा इतिहास लिहिला आणि १५५६ मध्ये येशूसंघीयांनी गोव्यात आणलेल्या छापखान्याचे श्रेय त्यांना निःसंकोचपणे दिले. लेखणी एकच, सचोटी एकच. आरोप करणारे पहिले पुस्तक उचलतात आणि दुसरे विसरतात. आपण दुसरे उचलतो आणि पहिले विसरतो. विद्वान मात्र दोन्ही पुस्तकांत तोच असतो.

आता करायचे काय?

केवळ पश्चात्तापाने भागणार नाही. आम्ही चार गोष्टी सुचवतो.

पहिली: धर्मग्रामांतील जुनी बाप्तिस्म्याची, लग्नाची व दफनाची पुस्तके ही आपल्या समाजाची खरी संपत्ती आहे. ती वाळवीपासून जपावीत, त्यांच्या छायाप्रती काढाव्यात आणि प्रामाणिक अभ्यासकाला ती पाहू द्यावीत. कुलूप घातलेले कपाट आपले रक्षण करीत नाही.

दुसरी: आपल्या इतिहासाची साधने पोर्तुगीज व मोडीत आहेत. पणजीचे अभिलेखागार १५९५ पासूनचे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात वसईच्या मोहिमेचे कागद आहेत. ते वाचू शकतील असे किती तरुण आपल्यात आहेत? आपण मुलांना अभियंते केले, परिचारिका केले, परदेशी धाडले. ते उत्तमच झाले. पण दर पिढीत दोनतीन मुलांनी तरी या भाषा शिकाव्यात, म्हणून आपल्या पतपेढ्या व मंडळे शिष्यवृत्ती देतील काय? मुंबईत फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधनाची संस्था उभी केली. तिच्या दारात आपली मुले दिसली पाहिजेत.

तिसरी: दृढीकरणाच्या तयारीला बसणाऱ्या मुलांना संतांच्या चरित्रांबरोबर इतिहासातील चुकाही सांगाव्यात, त्याही घरच्या माणसाने, प्रेमाने आणि पुराव्यानिशी.

चौथी: कुंकळ्ळीला जाणाऱ्या प्रत्येक यात्रेने दोन्ही स्मारकांपाशी थांबावे. विहिरीपाशी प्रार्थना करावी आणि दुसऱ्या स्मारकापाशीही प्रार्थनाच करावी. मृतांसाठी प्रार्थना करणे ही आपली जुनी रीत आहे. ती करताना मृताची जात, धर्म वा पक्ष विचारण्याची आपल्यात पद्धत नाही.

खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण पाठ केलेली आहे. ती केवळ न्यायालयापुरती आहे, असे कोणी धर्मगुरूंनी आम्हांला कधी शिकवले नाही. अर्धी साक्ष हीसुद्धा खोटी साक्ष असते. कारण ऐकणारा तिला पूर्ण समजून घरी जातो.

राहता राहिली ती मुलगी. आम्ही तिला भेटलो आणि 'जागेअभावी' हे खरे कारण नव्हते, असे तिला सांगितले. ती रागावली नाही. 'सर, ते मला त्याच दिवशी कळले होते,' एवढेच म्हणाली. तिच्या या वाक्याने आम्ही जितके शरमलो, तितके कोणा विरोधकाच्या आरोपाने आजवर शरमलो नव्हतो. तिच्या लेखाचा उत्तरार्ध आमच्यापाशी आहे. पुढच्या स्मरणिकेत तो छापावा, असा ठराव आम्ही मंडळापुढे मांडणार आहोत. तो मंजूर होईल की नाही, हे वाचकहो, तुमच्यासारख्या कुटुंबांवर अवलंबून आहे.